धारेला एक केस

सुलेमान होडेकर रविवारी दुकान उघडत नसे, कारण मुळात त्याला दुकानच नव्हतं. राजिवड्यातल्या घराच्या पडवीत एक टेबल होतं, टेबलाच्या कडेला वस्तू घट्ट धरणारा वाइस, दोन-चार कानशी, पॉलिशचे डबे आणि समोर भाट्याची खाडी. एकतीस वर्षं बोटींच्या इंजिनरूममध्ये काढून घरी आलेल्या या माणसाला दाढीची जुनी यंत्रं दुरुस्त करायचं वेड लागलं होतं. "लोक रिटायर झाल्यावर नातवंडं खेळवतात," हमिदा म्हणायची, "आमचे हे वस्तरे खेळवतात."

त्यातही त्याचा जीव होता तो आपली धार आपणच लावणाऱ्या यंत्रांवर. चष्म्याच्या घरापेक्षा थोडी मोठी, निकेलची चपटी डबी. तिला दोन झाकणं. एका झाकणात आतून दगड बसवलेला, दुसऱ्यात चामडं. हवं ते झाकण ठेवून डबीतला दांडा मागे-पुढे सरकवायचा. प्रत्येक टोकाला पातं आपसूक कूस बदलतं आणि खट्‌ असा आवाज येतो. दगडावर क्वचित, चामड्यावर रोज. एवढं केलं की एकच पातं माणसाला जन्मभर पुरतं. मग पातं काढून मुठीला लावायचं आणि दाढी करायची. हल्लीच्या प्लास्टिकच्या वस्तऱ्यांचा विषय निघाला की सुलेमान नुसतं नाक मुरडायचा.

गंमत अशी, की दाढीच्या यंत्रांचा हा डॉक्टर स्वतः दाढी करत नव्हता. हजहून आल्यापासून त्याची दाढी छातीपर्यंत आलेली, मेंदीनं लालभडक. त्यामुळे धार तपासायची त्याची रीत ठरून गेली होती. दाढीतला एक केस उपटायचा, चिमटीत उभा धरायचा आणि पात्यावर नुसता टेकवायचा. आपोआप तुटला, तर धार आली. आणि शेवटची परीक्षा अनिलच्या गालावर.

अनिल सनगरे म्हणजे त्याचा शाळेपासूनचा दोस्त. एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. गाड्यांची नावं पुकारून पुकारून आवाज असा कमावलेला, की तो पडवीत कुजबुजला तरी खाडीपलीकडे कळावं. दर रविवारी सकाळी नऊला तो यायचा, हमिदानं ठेवलेल्या गरम पाण्यानं चेहरा ओला करायचा, नवं दुरुस्त झालेलं यंत्र चालवायचा आणि दहापैकी मार्क द्यायचा. साडेआठच्या वर कधीच गेला नाही. सुलेमान चिडायचा, अनिल मग दोन भाकऱ्या जास्त खायचा, आणि रविवार पार पडायचा.

अनिलला पोटाचा कॅन्सर निघाला तेव्हाही रविवार चुकला नाही. मुंबईला दर तीन आठवड्यांनी डोस. असे सहा घ्यायचे होते. दुसऱ्या डोसनंतर डोक्यावरचे, भुवयांचे, गालावरचे, सगळे केस गेले. तरी त्याची मुलगी दीपाली त्याला स्कूटरवरून पडवीत आणून सोडायची.

"अरे, गालावर नांगरायला काय उरलं नाय, मग येतोस कशाला?" सुलेमान म्हणाला.

"घरी मी पेशंट असतो रे सुल्या. इथं परीक्षक असतो."

त्याची भूक पार मेली होती. हमिदा सुरमईचं कालवण पुढे ठेवायची आणि तो नुसता वास घ्यायचा. पाण्यालासुद्धा गंजाची चव येते, म्हणायचा. वजन असंच उतरत राहिलं तर पुढचे डोस झेपणार नाहीत, थांबवावे लागतील, असं मुंबईच्या डॉक्टरांनी दीपालीला स्पष्ट सांगितलं होतं. थांबवले तर पुढे काय, हे पडवीत कोणी बोलत नसे. सुलेमानला मात्र दुसरं काही सुचत नव्हतं. बोटीवर बंद पडलेलं काहीही त्यानं चालू करून दाखवलं होतं, आणि इथे आपला दोस्त डोळ्यांसमोर झिजत असताना तो डब्या घासत बसला होता.

त्याच सुमाराला नाटे गावाहून मथुराबाई नावाच्या एक बाई आल्या. आजेसासऱ्यांची पेटी उपसताना एक यंत्र निघालं होतं, ते रुमालात बांधून आणलेलं. पैसे नकोत म्हणाल्या.

"चालतंय का?" सुलेमाननं विचारलं.

"चालतंय चांगलं. पण एकट्या माणसाचं नाय ते." एवढं बोलून त्या चहाही न घेता बस पकडायला गेल्या.

डबी उघडून सुलेमान चकित झाला. इतकी वर्षं पेटीत पडलेलं चामडं कडक होऊन तडकलेलं असतं. हे मऊ होतं, आत्ता तेल पाजल्यासारखं. आणि दगड ओलसर होता. त्यानं तो पुसला, पडवीच्या कठड्यावर उन्हात ठेवला. दुपारी बघितलं तर पुन्हा ओलसर. खाऱ्या हवेचा गुण, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं. निकेलला चकाकी आणली, दांडा सैल केला, धार लावली आणि रविवारी सकाळी दाढीतला एक केस उपटून पात्यावर टेकवला. केस तुटताना त्याला जाणवलासुद्धा नाही.

अनिलनं गुळगुळीत गालाला फेस लावला आणि नाटक म्हणून यंत्र फिरवलं. करकर असा आवाज आला. चांगले दोन दिवसांचे खुंट कापले जाताना येतो तसा.

त्यानं मूठ पाण्यात बुडवली. पांढऱ्या फेसात बारीक बारीक लाल केस तरंगत होते, मुळाशी पांढरे.

"सुल्या, माझ्या दाढीला मेंदी कोणी लावली?"

"ब्रशात माझे अडकले असतील," सुलेमान म्हणाला, आणि पाणी माडाच्या बुंध्याशी ओतून आला.

त्या दिवशी अनिलनं अर्धी भाकरी खाल्ली. हमिदा आत जाऊन रडली.

पुढच्या रविवारी सुलेमाननं नवा ब्रश आणला, नवा साबण, वाडगा उकळून घेतला. यंत्राची तेवढी केसाची परीक्षा घेतली. लाल केस पुन्हा आले, जास्तच आले. अनिलनं एक भाकरी खाल्ली आणि दुपारी स्टँडवरचे किस्से सांगत बसला. तिसरा डोस त्याला झेपला. वजन पाऊण किलोनं वाढलं.

सुलेमान इंजिनमधला माणूस. बिघाड शोधायचा तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्याच्या हाडात मुरलेलं. मग एका रविवारी त्यानं सगळं तेच ठेवलं, फक्त केस उपटला नाही. यंत्र अनिलच्या गालावरून आवाज न करता फिरलं. पाण्यात नुसता फेस होता. त्या आठवड्यात अनिलच्या पोटात पाणीसुद्धा ठरेना; सरकारी दवाखान्यात नेऊन दोन दिवस सलाइन लावावं लागलं. सुलेमान खाटेशेजारच्या स्टुलावर बसून राहिला. आपल्याला खात्री करून घ्यायची होती म्हणून हा माणूस इथे पडला, या विचारानं त्याला स्वतःची शरम वाटली. त्यानंतर त्यानं परीक्षा चुकवली नाही.

त्याची दाढी विरळ होऊ लागली. उपटायचा एकच केस, पण सोमवारी फणीत मूठभर यायचे. मशिदीत लोकांनी विचारलं, तर अंगावर काहीतरी उठलंय म्हणाला. मशिदीत खोटं बोललो, हे त्याला फार लागलं. पायऱ्या चढताना दम लागू लागला. चौथ्या डोसानंतर एका सकाळी चहाचा घोट घेतला आणि कप खाली ठेवला. चहाला गंजाची चव होती.

अनिल तिकडे पडवीत सुरमईचा काटा चोखत होता. "भाभी, आज चव आली बघा जिभेला!"

सुलेमानला इतका आनंद झाला, की आपल्याला काय होतंय याची भीती वाटायची राहूनच गेली. ती त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी बाजारात मासे घेताना वाटली, आणि मग गेली नाही.

हमिदानं पाचव्या डोसानंतरच्या आठवड्यात विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "तुम्ही नीट जेवत नाही. दाढी चाललीय. रविवारी ते पाणी मला न दाखवता ओतता. काय चालवलंय?"

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना ते किती खुळ्यासारखं ऐकू येतंय हे त्याला कळत होतं. ती हसेल, नाहीतर यंत्र खाडीत फेकेल, असं त्याला वाटलं.

ती सूप हलवत राहिली. "अजून किती डोस?"

"एक."

"आणि तुमची किती उरलीय?"

हनुवटीखाली आठ-दहा केस होते. त्या रविवारी एक गेला, सोमवारी उरलेले. हनुवटी लहान मुलासारखी झाली. डोक्याला तर कधीचंच टक्कल. पुढच्या शनिवारी त्यानं हातावरचा केस उपटून टेकवला. पात्यानं तो कापला नाही, नुसता वाकवला. भुवईचाही वाकवला. शेवटचा डोस बुधवारी होता.

त्यानं डबी मिटून कपाटात वरच्या फळीवर ठेवली. अनिल आता बरा दिसतोय, एवढा एक डोस तो आपल्या ताकदीवर काढील, असं स्वतःला समजावत राहिला. दोन वेळा कपाट उघडून पुन्हा लावलं.

रविवारी नऊला अनिल स्वतःच्या पायांनी गल्ली चढून आला. सुलेमानची हनुवटी बघून खो खो हसला. "मेल्या, आता तू बस, मी तुला साबण लावतो!"

"आज राहू दे रे," सुलेमान म्हणाला. "यंत्र बिघडलंय."

"बिघडलंय कुठे? हे काय, भाभींनी मांडून ठेवलंय."

टेबलावर गरम पाण्याचा वाडगा होता. ब्रश, टॉवेल. डबी उघडी होती आणि पातं मुठीला लावलेलं होतं. सुलेमाननं कपाटाला सकाळपासून हात लावला नव्हता.

"हमिदा," त्यानं हाक मारली.



अनिलचा फेस लावून झालाही होता. यंत्र कानाखाली टेकवून त्यानं खाली ओढलं. करकर झाली नाही. रेशमाचं कापड फाडावं तसा लांबलचक, मऊ आवाज आला.

अनिलनं हात बाजूला नेला. हातामागोमाग गालातून एक केस आला.

काळा होता, मध्ये मध्ये रुपेरी. वीतभर झाला. हातभर झाला. अनिलचा हात लांब जाईल तितका तो येत होता, आणि तुटत नव्हता. अनिलला दुखत नसावं. तो डोळे मोठे करून नुसता बघत होता.

पडवीत खोबरेल तेलाचा वास पसरला.

तो वास सुलेमानच्या ओळखीचा होता. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली होती, आणि ते केस घराबाहेरच्या कुणी कधी पाहिले नव्हते.

हमिदा दारात येऊन उभी राहिली. चेहरा ओढलेला होता, पण हसरा. तिनं ओढणी कपाळावर पुढे ओढून घेतली.

"हलू नका भावजी," ती हळूच म्हणाली. "लांब आहेत माझे."