दुसऱ्या बाकावरचं ओझं

"एका वेळी एकच, हंसा. आधीचं ओझं उतरव, मग दुसरं चढव. एसी लावायचा तर पंखा-बिंखा सगळं बंद. वायरचं वेटोळं सोडव, गुंडाळलेली वायर आतल्या आत भाजते. अन् एसी बंद केला तर लगेच लावू नको. त्याले दम खाऊ दे."

नवऱ्याचा, बाबुलालचा, हा आवाज हंसाबाईच्या कानात असा बसला होता, की प्लग हातात घेतला की तिचे ओठ आपोआप हलत. जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरच्या पोटात त्यानंच दोन बाक आणि एक लहानसा एसी बसवून फिरतं घर केलं होतं. यात्रेकरूंना भाड्यानं द्यायचं होतं. मागच्या वैशाखात त्याच गाडीखाली काम करता करता त्याला ऊन लागलं, आणि तो गेला. तेव्हापासून गाडी तांड्यातल्या लिंबाखाली उभी होती.

दिग्रसहून आडवाटेला असलेल्या या तांड्यात दुपारी वारासुद्धा सावली शोधत फिरे. यंदा हंसाबाईची सासू, म्हातारी जमनी, उन्हानं आडवी झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "आजींना गारव्यात ठेवा. पुन्हा ताप चढला तर त्यांचं शरीर झेलणार नाही." घरावर पत्रे. तांड्यात गार होऊ शकेल अशी जागा एकच होती.

लखननं, हंसाबाईच्या लेकानं, घरातल्या बोर्डाला प्लग लावून जाड वायर गाडीत ओढली. दारावर बाबुलालनं बसवलेला काटा होता. गाडीत किती वीज ओढली जाते ते तो दाखवी. एसी एकटा चालला की काटा पाचावर. दहावर लाल रेघ. त्यापुढे वायर पेटायची भीती.

पहिल्या बाकावर जमनीला निजवलं. दुसऱ्यावर बाबुलालचं कांबळं घडी करून ठेवलेलं होतं, ते तसंच राहू दिलं. एसीचं पाणी नळीतून गाडीखाली थेंब थेंब गळू लागलं आणि म्हातारीच्या कपाळावरची शीर हळूहळू निवली.

हंसाबाईचा रोजचा नेम होता. आंघोळ करून, गाडीच्या पायरीशी, बाहेर, विस्तवावर तुपाचा थेंब आणि गुळाचा खडा सोडायचा. धूर उठला की बाबुलालला म्हणायचं, "या, जेवून घ्या." वर्षभरात एक दिवस चुकला नव्हता. हा भोग झाल्यावर पितराला निरोपही द्यायचा असतो. तो मात्र तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता.

जमनीला गाडीत आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी काटा सातावर दिसला.

तिनं पंखा पाहिला. बंद. लखनचा मोबाइल चार्जिंगला होता, तो काढला. काटा सातावरच.

"लखन, गाडीत अजून काय चालू हाय?"

"काही नाही, याडी. तू अन् दादी." तो आईकडे पाहून हसला. पण सगळे बोर्ड उघडून पाहता पाहता त्याचं हसू गेलं. "काटाच बिघडला असन. कायले भेतं?"

"मग वायर काहून तापली?"

त्यानं वायरला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

काटा आठावर गेला. दुसऱ्या बाकापाशी उभं राहिलं की पोटऱ्यांना गारठा झोंबत होता. एसीचं तोंड तर पहिल्या बाकाकडे होतं. कांबळ्याची घडी मोडली होती. मधोमध खळगा पडला होता, कुणी कुशीवर निजावं तसा.

"बंद करतो," लखन म्हणाला. "गाडी जळन."

"अन् दादी?"

त्यानं बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

जमनीनं डोळे उघडले. जीभ कोरडी, पण बोलणं स्वच्छ. "त्याले बी गरम होऊन राह्यलं हंसा. कवाचा म्हणते, सरक जराशी."

"कोण, याडी?"

म्हातारीनं सुनेकडे असं पाहिलं, जसं वेड घेऊन पेडगावला निघालेल्या लहान पोरीकडे पाहावं. "तू रोज बोलावतं. मग तो कुठं जाईन?"

काटा नऊ. एसीच्या प्लगपाशी जळक्या रबराचा वास येऊ लागला. लखननं एसी बंद केला.

यंत्र थांबलं. नळीतलं पाणी थांबलं. काटा खाली आला आणि चारावर थांबला.

लखननं घरात धावत जाऊन प्लगच उपटला. तुटलेल्या सापासारखी वायर हातात धरून तो दारात आला.

काटा चारावरच होता.

दुसऱ्या बाकाखाली थेंब पडत होते. टप्. टप्. तिथं नळी नव्हती.

जमनीचा श्वास वर चढू लागला. हंसाबाईनं तिच्या पायाला हात लावला. पाय तापत होते.

"आपले लोक बैलावर माल लादून मुलुख फिरत," म्हातारी तुटक तुटक म्हणाली. "एक कायदा होता. ओझं ज्यानं कबूल केलं, त्यानंच पोचवायचं. तू काय कबूल केलतं त्याले?"

हंसाबाईला ठाऊक होतं. गाडीखालून त्याला ओढून काढलं, तेव्हा त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती म्हणाली होती, "बरे व्हा. आपण दोघं चालत पोहरागडला दर्शनाला जाऊ." त्यानं होकाराची मान हलवली होती. एकटी कशी जाऊ, म्हणून तिनं वर्ष घालवलं.

ती दुसऱ्या बाकापाशी गेली. डोक्यावरचा पदर नीट केला. कांबळं उचललं नाही. पाठमोरी होऊन, ओझं घेताना वाकतात तशी जराशी वाकली.

"चला," ती हळूच म्हणाली. "मी नेते."

काटा शून्यावर आला.

"आता लाव, लखन. थोडं थांबून लाव. काटा पाचाच्या वर जाऊ लागला, तर बंद कर."

"याडी, या उन्हात कुठं? मी फटफटी काढतो."

"दोघं चालत जाऊ म्हटलं होतं."

ती पायरी उतरली. पायरी करकरली, एका बाईच्या वजनानं करकरावी त्याहून जास्त. लखन घरात प्लग लावून येईपर्यंत ती लिंबाखाली थांबली; मग थोड्या वेळानं मागे एसी सुरू झाल्याचा आवाज आला. लखन काट्याकडे पाहून म्हणाला, "पाच." मग पुन्हा, अगदी हळू, "पाचच हाय."

हंसाबाईनं मागं पाहिलं नाही. लिंबाची सावली संपली, रस्त्याची धूळ तापलेल्या तव्यासारखी पायाला लागली. ती डाव्या अंगाला किंचित कलून चालत होती.

डाव्या खांद्यावरचा पदर गार होता. त्याच्या टोकाला पाण्याचा थेंब धरला, मोठा झाला, आणि धुळीत पडला. मग दुसरा.