टाइमप्लीज

लपायला जागा शोधत ती जिन्याखालच्या खोलीत घुसली आणि थेट एका माणसाच्या पाठीवर आदळली.

"आई गं!" तो कळवळला. एवढ्या परक्या मुलखात मराठी! ती लपायचंच विसरली.

"तुम्ही... आपल्याकडचे?"

"हो. इथली लिफ्ट दुरुस्त करतो. तुम्ही?"

"श्श! हळू... पोरं मागावर आहेत. त्या बोळकीवर राज्य आहे."

बोळकी म्हणजे पुढचे दोन दात पडलेली शेजारची पोर. तिनं दोघांनाही पकडलं.

ताईच्या बाळंतपणासाठी म्हणून तिला विमानात घालून आणली होती. बाळंतपण कसलं, बिनपगारी मोलकरीण! दुपारी बाळ झोपलं की तेवढी घटकाभर तिची. अंगणातल्या पोरांची भाषा तिला कळेना, तिची पोरांना. पण पळायला-लपायला भाषा हवीय कुणाला? तिनं त्यांना एकच शब्द शिकवला. टाइमप्लीज. मूठ ओठांना लावून ओरडलं की खेळ जागच्या जागी थांबतो. कुणी कुणाला धरायचं नाही.

मग लिफ्टवालाही खेळायला येऊ लागला.

"तुम्ही कच्चं लिंबू," ती म्हणाली. "पळता बघा कसे, बैलासारखे!"

"पक्कं कधी करणार?"

"आधी पकडून तर दाखवा..."

त्यानं पकडलं. खेळाला लागतं त्याहून जरा जास्तच वेळ मनगट धरून ठेवलं. ती टाइमप्लीज म्हणाली नाही.

आणि एका रात्री जेवताना भावोजी म्हणाले, "रविवारी निघायचं. बाबांनी मुलाकडच्यांना शब्द दिलाय." शब्द बाबांचा, गळा हिचा!

"मी सांगते घरात," दुसऱ्या दिवशी ती त्याला म्हणाली. "तुम्ही फक्त संध्याकाळी दारात येऊन उभे राहा."

"तुमचे भावोजी मला पाहिलं की लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करतात..."

"येणार की नाही?"

"...येतो."

तिनं सांगून टाकलं. भावोजी खदाखदा हसले. "कोण, तो पान्हेवाला? बोलव की!"

ती दाराकडे डोळे लावून बसली. बेल वाजली. ताईच्या तोंडचं पाणी पळालं. दारात बोळकी... काखेत चेंडू, "चल ना" अशी मान हलवत.

त्या संध्याकाळी लिफ्ट वरखाली होत राहिली. त्यांच्या मजल्यावर पुन्हा थांबली नाही.

रविवारी टॅक्सीत बॅग चढताना बोळकीनं पाहिली. काय समजायचं ते पोर समजली. धावत आली, मूठ ओठांना लावली आणि किंचाळली, "टाइमप्लीज!" मागून सगळी पोरं तशीच उभी राहिली, मुठी ओठांवर.

त्यांच्या मागे, जिन्याखालच्या दारात तो. हातातला पान्हा त्यानं खाली ठेवला. हळूहळू मूठ ओठांपर्यंत नेली. आवाज काही फुटला नाही.

"आत्ता?" ती काचेआडून पुटपुटली. "मेल्या... आत्ता?"

तरी तिचीही मूठ ओठांवर गेलीच.

पण टॅक्सीवाला या खेळात नव्हता.