भिडूशी बोलायचं न्हाई

हातात मेथीच्या दोन जुड्या घेऊन सायकल ढकलत येणाऱ्या त्या तरुणाला चंद्रभानमामांनी भर रस्त्यात अडवलं. नाव नाही, गाव नाही, पहिला प्रश्न टाकला तो असा — “मेंढीकोट येतो का?”

“येतो की. पण ही भाजी...”

“भाजी मामी निवडंल. चला.”

मामांचा तरी काय इलाज होता? पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमधला त्यांचा रविवार ठरलेला. सकाळी विठ्ठलाच्या देवळात कीर्तनाला टाळ धरायचे, दुपारी जेवून ओसरीवर चटई टाकायची आणि चौघांनी पत्ते खेळायचे. त्यातले आश्रुबाकाका लेकाकडे नाशिकला गेले आणि डाव तिघांवर आला. एक मामा, दुसरी पंचफुलामामी आणि तिसरी त्यांची भाची अर्पिता. ती वालूरची; पूर्णेच्या शाळेत शिकवायची म्हणून मामांकडे राहायची.

अर्पिता पत्ते पिसत बसली होती. तो तरुण — नागनाथ, सिग्नल खात्यात नुकताच बदलून आलेला — तिच्या समोरच्या जागेवर बसला. समोरासमोरचे दोघं भिडू, म्हणजे तो तिचाच भिडू.

“जरा जपून खेळा बरं,” ती म्हणाली. “आश्रुबाकाकांच्या जागी बसलाय तुमी. लय हुशार माणूस.”

“हुशारीचं सांगता येत न्हाई. पायजे तर त्यांच्यासारख्या मिशा ठेवतो.”

ती खुदकन हसली... आणि तिथंच मामांचा कायदा आडवा आला. “भिडूशी बोलायचं न्हाई! खूण न्हाई, खोकणं न्हाई, हसणं तर न्हाईच. कीर्तनात बुवा टाळकऱ्याला सांगतात का, आता वाजव म्हणून? ऐकून ऐकून उमजतं ते. भिडूचं मन पानावरून वळखायचं. बोलायचं तर शेजारच्याशी बोला, त्याला हवं तेवढं चिडवा.”

दुसरा कायदा जोडीचा. चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. चारही एकाच बाजूला गेल्या की समोरच्यांवर कोट. कोट चढला की जोडी मोडायची, जागा बदलायच्या, तोवर नाही. पण चौघंही असे चिवट, की कोट म्हणून कुणावर चढेना.

तेव्हापासून सहा रविवार ती दोघं समोरासमोर बसली आणि एक शब्द बोलली नाहीत.

पण ऐकून ऐकून उमजतं म्हणतात ते काही खोटं नाही. त्याच्या हातात चांगलं पान आलं, की तो डाव्या अंगठ्यानं ते हळूच खाली ढकलतो, हे तिला कळलं. ती घाबरली, की आधी वेणीचा शेपटा मागं टाकते, मग पान, हे त्याला कळलं. तिनं एक्का टाकावा आणि त्यानं आपली दश्शी अलगद त्याखाली ठेवावी... जणू नैवेद्याचं ताट. तेवढ्यात नजरेला नजर भिडायची, आणि मामा खाकरायचे.

डाव संपला, की मामी चहा आणि उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणायच्या. तेव्हा बोलायला मोकळीक होती. पण पत्ते खाली ठेवले, की नागनाथची जीभच टाळूला चिकटायची. सहा रविवारांत तो फक्त एवढंच बोलला होता, की शेंगा गोड आहेत. तेही मामींना.

सातव्या रविवारी पत्ते वाटता वाटता मामींनी सांगून टाकलं, की उद्या सेलूहून पाहुणे येणार आहेत, अर्पिताला बघायला. कापसाचे व्यापारी, घर चांगलं. पौष लागायच्या आत होकार-नकार कळवायचा. अर्पितानं मान वर केली नाही. आज चहाच्या वेळी तरी हा माणूस काही बोलेल... नाहीतर उद्या आपण कुणाच्या नावानं नाही म्हणायचं? हा एकच विचार तिच्या मनात फिरत होता.

डाव रंगला. तीन मेंढ्या मामांकडे गेल्या. उरली इस्पिकची. शेवटचे चार हात राहिले होते. अर्पितानं पाहिलं, नागनाथचा डावा अंगठा हलला. म्हणजे दश्शी त्याच्याकडेच! तिनं बिनधास्त इस्पिकचा एक्का टाकला.

त्यानं टाकली तिर्री.

ती बघतच राहिली. पुढच्या हाताला तिनं चौकट उतरली, ती मामांच्या राणीनं खाल्ली. मग मामांनी इस्पिकचा राजा आपटला, आणि नागनाथनं निमूटपणे त्याखाली दश्शी ठेवली.

कोट.

मामा आनंदानं ओरडायच्या ऐवजी चकित झाले. भिडूचा एक्का समोर पडलेला असताना मेंढी दाबून ठेवायची, असं तर नवशिकंसुद्धा करत नाही. अर्पिताला मात्र उमजलं. चूक नव्हती ती. त्याला जोडीच मोडायची होती. पानं गोळा करताना तिला ती धूसर दिसायला लागली.

जागा बदलल्या. नागनाथ उठला आणि मामींच्या जागेवर, अर्पिताच्या अगदी शेजारी येऊन बसला.

“मामा, आता ह्यांच्याशी बोललं तर चालतंय ना?”

“चालतंय की. आता तुझा भिडू मी हाय.”

“बोला ना,” अर्पिता पत्त्यांत बघतच म्हणाली. “मेंढी दडवणाऱ्याचं काय म्हणणं हाय, ते तरी कळू दे.”

“दडवली म्हणूनच हितं बसायला मिळालं. चहा पिताना मला बोलायला जमत न्हाई... तुमी बघितलंयच. पत्ते हातात असले, की जमतंय. आन् पत्ते हातात असताना तुमी समोर. मग सांगा, दुसरं काय करणार होतो?”

“मग बोला लवकर. माझी उतारी हाय.”

“उद्याच्या पाहुण्यांना न्हाई म्हणा.”

“का म्हणून?”

“मी... इचारायलोय म्हणून. माझ्याशी लग्न करता का?”

मामांच्या हातातलं पान हातातच राहिलं. मामींनी पदर तोंडाला लावला. अर्पितानं शेपटा मागं टाकला, मग पुढं घेतला, मग परत मागं टाकला.

“माझा एक्का वाया घालवला तुमी,” ती हळूच म्हणाली.

“चुकलं.”

“माझी झोप उडाली असती आज.”

“माझी सहा रविवारांपासून उडालीय.”

आता मात्र ती हसली, कुणी खाकरायची वाट न बघता. मग मामांकडे वळून म्हणाली, “मामा, सेलूला फोन करा. म्हणावं, येऊ नका.”

मामांनी एकदा भाचीकडे पाहिलं, एकदा नागनाथकडे, आणि मग आपल्या हातातल्या पानांकडे. दोन मेंढ्या होत्या हातात. “करतो की. एवढा डाव...”

मामींनी त्यांच्या हातातली सगळी पानं काढून घेतली आणि तिथं फोन ठेवला.

पलीकडे रिंग वाजत राहिली. ती दोघं खांद्याला खांदा लावून बसली होती. आता बोलायला कुणाची बंदी नव्हती... आणि दोघांनाही एक शब्द सुचत नव्हता.