हात पुसून ये

बसा जवळ. आणि मध्ये शंका काढायच्या नाहीत. आपल्या कोपऱ्यावरच्या टेलरबाई माहीत आहेत ना? त्यांच्याच घरात घडलंय हे.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. संध्याकाळी बाई औषधाच्या दुकानात पट्ट्या आणायला निघाल्या होत्या. नवऱ्याचं डायलिसिस चालू, त्यासाठी छातीत नळी बसवलेली, आणि ताप तिसऱ्यांदा उलटलेला. वाटेतच डॉक्टरांचा फोन आला.

"रक्तात जंतू सापडलाय. नळीतूनच शिरलाय. पण हा माणसांत सहसा दिसत नाही हो, साठलेल्या पाण्यातला आहे. घरात मासे पाळता का?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आज जिथे त्यांचं शिलाई मशीन आहे, तिथे नवऱ्याच्या पहिल्या बायकोचं रंगीत माशांचं दुकान होतं. तिचे हात म्हणे कायम ओले. ती गेली, बाई लग्न होऊन आल्या आणि महिन्याभरात टाक्या विकून मोकळ्या झाल्या. सवतीची एक काच ठेवली नाही. आणि आता मेलेलीचं नाव दवाखान्यातून यावं!

"मासेबिसे काही नाहीत," बाई तुटकपणे म्हणाल्या.

"उद्या सकाळी नळी काढू. आज रात्री तिथे ओला हात लागू देऊ नका. आणखी जंतू गेले तर निभावणार नाही."

रात्री पावणेतीनला बाईंना जाग आली. नवरा तापात हसत होता. इतक्या वर्षांच्या संसारात बाईंकडे बघून तो असा एकदाही हसला नव्हता.

"हात पुसून ये गं," तो पुटपुटला.

"अहो... कोणाला म्हणताय?"



नळीवरच्या पट्टीचा कोपरा उचलला गेला. हळूच. आपोआप.

बाईंनी उजवा पंजा त्यावर दाबून धरला. "माझा आहे तो," त्या म्हणाल्या. "तुझा संसार झाला. हो बाजूला."



मग त्यांच्या हातावर हात आला. गार. ओला.

ओढला नाही. नुसता ठेवला...

बाईंनी पंजा हलवला नाही. उजाडेपर्यंत. घाबरल्या होत्याच, पण त्याहून झोंबत होतं ते एकच. तो अजून हसत होता.

सकाळी नळी काढली, ताप उतरला, माणूस वाचला. दुकानात बसून बटणं लावतो, बघता तुम्ही. बाईंच्या उजव्या हाताची बोटं मात्र तेव्हापासून सुरकुतलेली, ढीगभर धुणं धुतल्यासारखी. कितीही पुसली तरी सुकत नाहीत.

आणि नवरा रोज तोच हात धरून झोपतो. बाईंनी डावा पुढे केला, तर झोपेतच ढकलून देतो.