न लावलेल्या प्लेटी

मे महिन्यातली दुपार होती. पुसदच्या एका दवाखान्यातून यज्ञेश्वर लघवीची छोटी बाटली घेऊन निघाला आणि पाच मिनिटांत स्कूटरने आपल्या लॅबवर पोचला. बाटली त्याच्या बायकोची, कुंदाची होती. तिच्या मूत्रपिंडात पू झाला होता. तिसऱ्या दिवशीही ताप हटत नव्हता आणि दोन औषधं वाया गेली होती. "यज्ञेश्वरभाऊ, आता सगळं कल्चरच्या रिपोर्टवर," डॉक्टर म्हणाले होते. "तुमची स्वतःची लॅब आहे, म्हणून मी निश्चिंत आहे."

निश्चिंत! डॉक्टरांच्या भोळेपणाची कीव करावी तेवढी थोडी.

कल्चर म्हणजे काही फार मोठी विद्या नव्हे. चपट्या प्लेटीत खरवसासारखा थर असतो. त्यावर पेशंटचे जंतू पसरायचे, औषधांच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि एक रात्र उबेत वाढू द्यायचं. ज्या चकतीभोवती जंतू मरून स्वच्छ गोल पडतो, ते औषध लागू. यज्ञेश्वरला तेवढाही धीर नव्हता. नऊ वर्षं तो बाटल्या बेसिनमध्ये ओतत होता आणि कॉम्प्युटरवरच्या एकाच जुन्या रिपोर्टात नाव बदलून छापत होता. तीन औषधं लागू, बाकीची नाहीत, खाली झोकदार सही. जंतू वाढवायचं कपाट कायम कोमट असतं, म्हणून त्यात हे महाशय स्वतःचा जेवणाचा डबा ठेवत. "खेड्यातल्या लोकांना काय, कोणतंही औषध चालते," असं वर मित्रांना ऐकवत. पण आपला तो बाब्या! कुंदासाठी मात्र त्याने कालच नव्या प्लेटी आणि चकत्या मागवल्या होत्या. बाटली यवतमाळच्या दुसऱ्या लॅबला पाठवावी, तर अब्रू आडवी आली. असल्या माणसाला अब्रू असते, हेच नवल.

शटर अर्धं ओढून तो आत आला. बेसिनमधून आंबूस वास येत होता. त्याने फिनेल ओतलं, तर वास आणखी वाढला. बाकावर कुणीतरी बसलेलं होतं.

"साहेब, माहा रिपोर्ट घ्याले आलो."

"चार वाजता या." यज्ञेश्वरने वर पाहिलं नाही. पेशंटच्या तोंडाकडे पाहायची त्याला सवयच नव्हती.

"थांबतो न मी. लय दिस झाले, थांबूनच राह्यलो..."

यज्ञेश्वर टेबलाकडे वळला. काम कसं करायचं तेच तो विसरला होता. मोबाईलवर व्हिडिओ लावून त्याने कुंदाची प्लेट तयार केली, सहा चकत्या ठेवल्या आणि कपाटाचं दार उघडलं.

कपाट प्लेटींनी भरलं होतं. खालपासून वरपर्यंत, दाटीवाटीने. प्रत्येकीवर नाव, गाव, तारीख, आणि अक्षर त्याचंच, पण यातली एकही त्याने कधी लावलेली नव्हती. प्रत्येकीत राखाडी साय धरलेली, चकत्यांवरूनही चढलेली. स्वच्छ गोल एकीतही नव्हता. सगळ्यात वरची प्लेट होती नागोराव, आर्णी. नाव यज्ञेश्वरच्या ओळखीचं होतं. गेल्या दिवाळीत या नागोरावची लेक दारात उभी राहून रडली होती. रिपोर्टातलं औषध चौदा दिवस दिलं, तरी बाप गेला म्हणाली होती. त्याने तिला हाकलून दिलं होतं.

"पाहा न, साहेब," बाकावरून हळूच आवाज आला. "मले कोनतं लागू पडते...?"

यज्ञेश्वरने दोन्ही हातांनी प्लेटी बाहेर काढायला सुरुवात केली. टेबल भरलं, फरशी भरली. कपाट तेवढंच भरलेलं राहिलं. कुंदाची प्लेट ठेवायला बोटभर जागा होईना. इतक्यात फोन वाजला. डॉक्टर होते.

"रिपोर्ट मिळाला हो मोबाईलवर. पहिलं औषध सुरू करतो."

"मी... मी तर काही पाठवलं नाही."

"तुमच्याच सहीचा आहे. तीन औषधं लागू. बरोबर आहे ना?"

हो म्हटलं तर लॅब वाचणार होती, नाही म्हटलं तर कुंदा. आणि हा गृहस्थ तेवढ्यातही क्षणभर थांबला. खरंच थांबला. मग त्याला रडू फुटलं.

"खोटा आहे, डॉक्टर. आजवरचे सगळेच... खोटे होते."



"मग खरं कोणतं लागू पडेल, तेवढं सांगा," डॉक्टर कोरड्या आवाजात म्हणाले. "लवकर. कुंदाताई शुद्धीवर आहेत. वेळ आहे अजून."

यज्ञेश्वरने कुंदाची प्लेट उचलून शटरखालच्या उजेडाकडे धरली. आत्ता, दहा मिनिटांपूर्वी लावलेली प्लेट. ती कडेपर्यंत राखाडी झाली होती. त्याने ती फिरवली, तिरपी केली, पुन्हा पुन्हा पाहिली. सहा चकत्या, आणि गोल एकीभोवतीही नाही.

बाकावर नागोराव थोडा बाजूला सरकला. कुणाला तरी जागा करून दिल्यासारखा.

दवाखान्याची हिरवी चादर पांघरलेली एक बाई शटरखालून वाकून आत आली आणि त्याच्या शेजारी बसली. सलाईनची पट्टी अजून तिच्या मनगटावर होती.

"अहो," कुंदा म्हणाली, "माझा आला का...?"

आणि कानाशी धरलेल्या फोनमध्ये, डॉक्टरांच्या मागे, तिचाच आवाज नर्सकडे पाणी मागत होता.