आधी येऊन गेलेली बाई

वैजयंतीसिस्टरनं डबा खाल्ला, स्कार्फ तोंडाला गुंडाळला आणि गृहभेटीची पिशवी भरायला घेतली. बीपीचं मशीन, थर्मामीटर, लोहाच्या गोळ्या, बाळाचं वजन करायची झोळी. झोळी हातात आली तशी ती थांबली. मग तिनं ती परत कपाटात ठेवून दिली. ज्या घरी जायचं होतं, तिथं वजन करायला बाळ नव्हतं.

श्रीपूरच्या कारखान्याकडं जाणाऱ्या रस्त्यापासून आत, कॅनॉलच्या पलीकडं सातघरवाडी आहे. तिथल्या उपकेंद्रात वैजयंती सहा वर्षं आरोग्यसेविका होती. नवरा आणि मुलगी ऋतुजा सोलापुरात. ही आठवडाभर वाडीतल्या क्वार्टरमध्ये. एप्रिलचा महिना होता, दुपारचा एक वाजला होता. त्या उन्हात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. गळीत हंगाम संपून ऊसतोडवाल्यांच्या कोप्या मोडल्या होत्या, उसाच्या गाड्या गेल्या होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

शाइस्ताचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. पंढरपूरच्या दवाखान्यातून तिला घरी आणून नऊ दिवस झाले होते. खरं तर तिसऱ्या दिवशीच भेट द्यायला हवी होती. वैजयंती रोज ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. कधी लसीकरण, कधी मीटिंग, कधी मोबाईलवर माहिती भरायची. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. जानेवारीपासून तिला अशा बाईजवळ बसवतच नव्हतं.

शाइस्ताची सासू मदिनाबी दारातल्या सावलीत लसूण सोलत बसली होती.

"या शिस्टर. आज तुमी आलासा व्हय? ती बाई न्हाय आली?"

"कुठली बाई?"

"तुमच्या दवाखान्यातलीच की. रोज येती ह्या टायमाला. लई गुनाची बाई. पोरगी चार दिवस भिताडाकडं तोंड करून पडली हुती, तोंडात पानी घेत नव्हती. तिनं बसवली उठवून."

उपकेंद्रात वैजयंतीशिवाय एकच बाई होती, झाडलोट करणारी बजाबाई. पासष्टीची बजाबाई गुडघ्यांमुळे रस्तासुद्धा ओलांडत नव्हती. दुसऱ्या वाडीतली आशा कार्यकर्ती येऊन जात असेल, असं मनाशी म्हणत वैजयंती आत गेली.

खोलीत अंधार होता. पत्र्याखाली कापड ताणून उन्हाची धग अडवली होती. शाइस्ता चटईवर बसली होती. चेहरा उतरलेला, पण डोळे शांत. वैजयंतीनं बीपी घेतलं, ताप पाहिला, आणि मग ज्या प्रश्नाला ती नऊ दिवस भीत होती तो विचारला.

"दूध आलं होतं का गं?"

"आलं हुतं. दगडावानी झालतं. मला काईच म्हाईत नव्हतं, शिस्टर. बाळ न्हाय तर दूध कशाला यील, असं वाटलं हुतं. त्या बाईनं गार पान्याची फडकी ठिवली. पिळू नको म्हनली, आपसूक आटतंय. आता आटलं."

"आणखी काय सांगितलं तिनं?"

"लई बोलत न्हाय ती. हात धरून बसती. मी रडले की तीबी रडती. उगी म्हनत न्हाय, दुसरं हुईल म्हनत न्हाय. नुसती बसती."

वैजयंतीनं खाली मान घातली. प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं. बाईचं बाळ जातं तेव्हा बोलू नका, जवळ बसा. बावीस वर्षांच्या नोकरीत तिनं ते केलंही होतं.

"नाव काय तिचं?"

"न्हाय विचारलं. तरणीच हाय, माझ्यायेवढी. हात लई खरबरीत. पाल्यानं कापल्यावानी चिरा पडल्यात बोटांना." शाइस्तानं आपला तळवा नाकाशी नेला. "वास बी तसाच येतोय. जळल्या पाचटाचा."

आणि मग वैजयंतीलाही तो वास आला. उसाच्या फडात पाचट पेटवल्यावर येतो तसा, कडवट, ओलसर. फड तुटून महिना झाला होता…

ती उठली. मदिनाबीनं चहा पुढं केला, तोही न घेता निघाली. उपकेंद्रावर पोचेपर्यंत तिच्या पाठीवरून घामाची धार लागली होती.

बजाबाई पायरी झाडत होती. तिनं सिस्टरचं तोंड पाहिलं आणि झाडू खाली ठेवला.

"बजाबाई, दैवशालाच्या हातांना चिरा होत्या?"

बजाबाई पायरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ऊसतोडीच्या बाईचं हात अजून कसं असनार, शिस्टर?"

दैवशाला बीडकडची. नवऱ्याबरोबर, अमृतबरोबर, ऊस तोडायला, कोयत्याला आलेली. वय वीस, पहिलटकरीण. जानेवारीत एका दुपारी चारच्या सुमाराला अमृत तिला उपकेंद्रात घेऊन आला होता. वैजयंतीनं तपासलं. कळा सुरू होत्या, पण गर्भाशयाचं तोंड दोनच बोटं उघडलं होतं. आणि पाचची एसटी होती. त्या संध्याकाळी ऋतुजाच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मागची दोन वर्षं वैजयंती जाऊ शकली नव्हती, आणि "या वर्षी नाही आलीस तर बोलणार नाही," असं पोरीनं बजावून सांगितलं होतं.

"अजून वेळ आहे. जा कोपीवर, आराम कर. सकाळी ये," वैजयंती म्हणाली होती.

दैवशालानं तिचं मनगट धरलं होतं. "शिस्टर, मला हितंच बसू द्या. औषीद नगं, काई नगं. तुमी नुसत्या बसा माज्यापाशी. मला लई भ्या वाटतंय."

वैजयंतीनं तिचं एकेक बोट सोडवलं होतं. रागानं नाही, हसत हसत, लहान मुलाची सोडवावीत तशी. मग कुलूप लावलं आणि एसटी गाठली.

रात्री कळा वाढल्या, अंगावरून रक्त जायला लागलं. अमृतनं तिला बैलगाडीत घालून परत आणलं. दाराला कुलूप होतं. तिला पायरीवर टेकवून तो वाहन शोधायला पळाला. तो परत आला तेव्हा दैवशाला दाराला डोकं लावून बसली होती आणि सगळं संपलं होतं. बाळ पोटातच राहिलं.

सकाळी पहिल्या एसटीनं आलेल्या वैजयंतीनं आधी काय केलं असेल, तर रजिस्टर काढलं. आदल्या दिवसाच्या नोंदीत लिहिलं: 'थांबण्याचा सल्ला दिला. रुग्ण व नातेवाईक न ऐकता निघून गेले.' चौकशीला आलेल्या डॉक्टर श्रीशैल बिराजदारांनी ते अमृतला वाचून दाखवलं. वैजयंतीला वाटलं होतं, आता हा माणूस आपल्या अंगावर धावून येईल. पण अमृत नुसता तिच्याकडं बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मला वाटलं तुमी जा म्हनला. ऐकन्यात चुकलं असंल माज्या."

बजाबाई तेव्हा दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, आदल्या दिवशीचंही. ती बोलली नव्हती. आज तीन महिन्यांनी तिनं विचारलं, "शिस्टर, ती पोरगी कुटं दिसली का?"

"मला नाही दिसली."

"मला दिसती. रोज दुपारी पायरीवरनं उठून जाती. मी म्हनलं, म्हातारीचं डोळं हायत, काईबी दिसतंय."

त्या रात्री वैजयंतीचा डोळ्याला डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी बाराच्या आधीच ती शाइस्ताच्या घरी जाऊन बसली. मदिनाबीला म्हणाली, तुमची ती बाई कोण आहे ते बघायचंय. पंखा बंद होता, वीज गेली होती. कुठंतरी दूर डिझेलवरच्या पिठाच्या गिरणीचा आवाज चालू होता, तोही थांबला. पत्रा उन्हानं तडतडत होता.

एकाच्या सुमाराला शाइस्तानं दाराकडं पाहिलं आणि चटईवर सरकून जागा केली.

"आली बगा," ती म्हणाली.

दारात कुणी नव्हतं. पांढरं ऊन उंबऱ्यापर्यंत आलेलं होतं, बस्स. पण वास आला. चटईची एक बाजू हळूच दबली. शाइस्तानं हात पुढं केला, आणि वैजयंतीनं पाहिलं की तिची बोटं कुणाच्या तरी बोटांत अडकल्यासारखी वाकली आणि पंजाच्या मागची कातडी दाबल्यासारखी पांढरी झाली.

"शाइस्ता… काय म्हणते ती?"

"काई न्हाय. तुमच्याकडं बगती हाय."

वैजयंतीला पळून जायचं होतं. तिनं चटईची कड घट्ट धरली.

"ती म्हनती…" शाइस्ताचा आवाज खाली गेला, "ती म्हनती, तिचा नवरा जेवत न्हाय. गावात कुनाला तोंड दावत न्हाय. त्याला वाटतंय त्यानंच मारलं तिला." शाइस्ता गोंधळून वैजयंतीकडं वळली. "खरं हाय का ओ शिस्टर? तुमी वळकता का तिच्या मालकाला?"

वैजयंतीच्या मनगटावर पाच बोटं येऊन बसली होती. गार, खरबरीत. जानेवारीत जिथं होती तिथंच. तिनं हात हलवला नाही. ती सोडवून घ्यायलाही गेली नाही. कारखान्याचा भोंगा होईपर्यंत ती तशीच बसून राहिली. भोंगा झाला आणि मनगट मोकळं झालं. वास मात्र बराच वेळ होता.

तिथून ती उठली ती थेट आरोग्य केंद्रात. डॉक्टर बिराजदारांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सिस्टर, ती फाईल बंद झालीय. आता का उकरून काढताय? नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे, सर. मी तिला जा म्हणाले होते. ते लिहून घ्या."

दोन पानं लिहून खाली तिनं सही केली. मग बाहेर लिंबाखाली उभी राहिली आणि गरोदर मातांच्या यादीतून अमृतचा नंबर काढला. तीनदा रिंग पूर्ण झाली. चौथ्यांदा त्यानं उचलला.

"अमृत, मी सातघरवाडीची सिस्टर बोलतेय."

पलीकडून श्वास तेवढा ऐकू आला.

"तुमच्या ऐकण्यात चुकलं नव्हतं. मीच जा म्हणाले होते. मला एसटी गाठायची होती. नंतर मी रजिस्टरात खोटं लिहिलं. तुम्ही बरोबर ऐकलं होतं, अमृत."

मग एक कोरडा, फाटलेला आवाज आला.

"शिस्टर… तीन म्हैनं झालं, मी कानावर मारून घेतोय ओ."

आणि फोन बंद झाला. तिनं परत लावला नाही. माफी मागायची म्हणून ती शब्द जुळवून आली होती. ते शब्द तिच्याजवळच राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वैजयंती तिसऱ्यांदा शाइस्ताकडं गेली. निलंबनाचा कागद आज ना उद्या येणार होता. तोवर तरी आपली भेट आपण द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. आज घरात वीज होती, पंखा फिरत होता. वैजयंती चटईवर बसली, शाइस्ताचा हात हातात घेतला आणि काही बोलली नाही. एक वाजला, दोन वाजले. कुणी आलं नाही. वासही आला नाही. कितीतरी दिवसांनी वैजयंतीला आपला श्वास पोटापर्यंत गेल्यासारखा वाटला.

"आज नाही आली ती," शेवटी ती म्हणाली.

"सकाळीच यिऊन गेली." शाइस्ता हळू बोलत होती, अगदी ओठातल्या ओठात. "आता येत न्हाय म्हनली. नवऱ्याकडं जायचंय तिला. लांब हाय म्हनं, आनि वाटंनं ऊन लई."

वैजयंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं शाइस्ताच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तेव्हा तिला दिसलं की शाइस्ताचं पोलकं पुढून भिजलं होतं. दोन्हीकडं, ओलंचिंब. आटलेलं दूध पुन्हा उतरलं होतं.

"शाइस्ता… हे कधीपासून?"

शाइस्तानं तोंडावर बोट ठेवलं. तिच्या पलीकडं, भिंतीकडेच्या सावलीत, ओढणीची चौपदरी घडी अंथरलेली होती. घडीवर काहीच नव्हतं. घडीच्या मधोमध एक लहानसा खळगा होता, आणि तो हळूहळू वर येत होता, खाली जात होता.

वैजयंती मागं सरकत सरकत दारापर्यंत आली. पायात चप्पल सापडेना. मागून शाइस्ताची कुजबुज आली, समाधानानं भरलेली.

"शिस्टर, दार हळू लावा हं… तिच्या लेकराचा आत्ताच डोळा लागलाय."

वैजयंतीनं दोन्ही हातांनी कडी धरली आणि आवाज न करता दार लावलं.