वॉरेनची घुंगरमाळ

मघाशी मालकांची स्लेज बर्फावरून घसरत खालच्या रस्त्याने गेली तेव्हा तुम्ही पोरं खिडकीत उभं राहून हसलात. मी ऐकलं. हा एल्मर म्हणाला, "अख्ख्या मुलखाच्या घोड्यांना घुंगरं विकतो म्हातारा, आणि स्वतःचा घोडा मुका!"

हसून घ्या. भट्टीवर नवीन आहात. शेगडीचं दार लावा आणि बसा. मी एकदाच सांगेन. मधे कुणी बोलायचं नाही.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. जोथम पीजच्या बाबतीत घडलं. मालकांचा गाडीवान, माझा मित्र. रस्त्यावर काय झालं ते त्याने मला सांगितलं. घरात काय झालं ते माझ्या बायकोने, डीलियाने. ती तेव्हा मालकांकडे स्वयंपाकाला होती. दोघंही पदरचं घालून सांगणारी नव्हेत. शेवटचं तेवढं मी स्वतः पाहिलं.

आपले मालक, रॉस्वेल लूमिस, या गावात शेतावरून चालत आले. आधी दुसऱ्याच्या भट्टीवर पळी धरली. मग एका गोठ्यात स्वतःची भट्टी घातली. मी त्यांचा तिसरा माणूस. ते पितळ ओतायचे, मी वाळूचे साचे फोडायचो, आणि त्यांच्या बाई रात्री दिव्याशी बसून चामड्याच्या पट्ट्यांवर घुंगरं शिवायच्या. बोटं फुटायची त्यांची. आता शंभर माणसं हाताखाली आहेत, पण मालक अजून सकाळी सगळ्यांच्या आधी भट्टीवर असतात.

चार मुलं झाली. मधली दोन राहिली नाहीत. थोरला वॉरेन, धाकटी एफी. दोघांत दहा वर्षांचं अंतर.

वॉरेन झाला त्या आठवड्यात मालकांनी एक माळ स्वतः ओतली. कुणाला हात लावू दिला नाही. पितळात काय मिसळलं ते आजही सांगत नाहीत. तळ्याच्या पलीकडून ओळखावा असा आवाज. आपल्या गावात कुणाची माळ कुठली हे अंथरुणात पडल्या पडल्या कळतं, आणि ही तर सगळ्यांत वेगळी. वॉरेन मोठा झाल्यावर ती त्याच्या घोडीच्या अंगावर आली. एफीला शेजारी बसवून तो तळ्याकाठाने फिरायचा. माळ वाजली की पोर बूट शोधत धावायची.

१८९० च्या जानेवारीत तापाची साथ आली. धडधाकट माणसं आठवड्यात गेली. वॉरेनही गेला.

हिवाळ्यात इथली जमीन लोखंड होते. कुदळ उडते, माती निघत नाही. म्हणून दफनभूमीच्या चढावर दगडी खोली आहे. थंडीत मेलेल्यांच्या पेट्या तिथे ठेवतात, आणि एप्रिलमध्ये जमीन सुटली की पुरतात. एक दार, एक किल्ली. ती किल्ली राखणदार गिडिअनच्या गळ्यात. वॉरेनची पेटी तिथे ठेवली. मालकांनी त्याची माळ तबेल्यातल्या खिळ्याला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी भट्टीवर आले.

मग एफीचा घसा धरला.

घटसर्प. ११ फेब्रुवारी, मंगळवार. दुपारपासून तिला बोलता येईना. श्वास घेताना छाती आत जायची. आपल्या गावचा डॉक्टर तापातून अजून उठला नव्हता. डॉक्टर क्रॉस्बी टेकडीपलीकडच्या गावात. त्यांच्याकडे घशात बसवायची नळी होती. नळी वेळेवर आली तर पोर जगेल, नाही आली तर नाही. एवढाच हिशेब होता.

दिवेलागणीला मालक तबेल्यात आले. जोथम घोडी जुंपत होता.

"वॉरेनची माळ घाल."

"मालक, ती..."

"तिचा आवाज लांबून येतो. बाई खिडकीशी बसल्यात. तू तळ्याच्या वळणावर आलास की त्यांना कळायला हवं."

जोथमने खिळ्यावरची माळ काढून घोडीला चढवली. निघताना स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला. तसा थट्टेखोर माणूस.

"डीलिया, कॉफी चढव. यायला तयार नसला तर डॉक्टरला घोडीच्या शेपटीला बांधून आणतो."

"जा रे बडबड्या," डीलिया म्हणाली. "आणि कुठल्या खड्ड्यात घालू नकोस गाडी."

"मी? माझ्या घोड्याची माळ आजवर कुणी उतरवली नाही. मीच चार जणांच्या उतरवल्यात."

तुम्ही शहरातून आलात म्हणून सांगतो. इथला रिवाज आहे. बर्फात गाडी रुतली आणि कुणी बाहेर काढली, तर काढणाऱ्याला आपली माळ द्यायची. घरी मुकं यायचं. लोक हसतात, पण देणं हे द्यावंच लागतं. मागितली आणि दिली नाही असं या टेकड्यांत कुणी केलेलं नाही.

जोथम गेला. वारा नव्हता. चांदणं होतं. डॉक्टर जेवायला बसले होते.

त्यांची बायको म्हणाली, "दोन रात्री डोळा मिटलेला नाही त्यांनी. घास तरी गिळू दे."

डॉक्टर उठले. "पोर केवढी आहे?"

"नऊ वर्षांची."

"ओठ कसे आहेत? निळे?"

"मी पाहिले नाहीत, साहेब. मालकांचे पाहिले. ते निळे होते."

डॉक्टरांनी नळीची पेटी कोटात घातली आणि तोंडात पावाचा तुकडा घेऊन बाहेर आले.

परतीची वाट चांगली होती. घोडी स्वतःहून पळत होती. डॉक्टर पांघरुणात डुलक्या घेत होते. टेकडी उतरली की डावीकडे दफनभूमीचा चढ येतो, आणि तिथून तळ्याचं वळण हाकेवर आहे. जोथम म्हणाला, मला वाटलं आता पोचलोच.

चढाखाली घोडी थांबली.

लगाम झटकला. ती हलली नाही. कान पुढे. मग एकदम उजवीकडे सरकली. स्लेजची एक बाजू रस्त्याच्या कडेवरून खाली गेली, आणि गाडी मऊ बर्फात बसली.

दोघं उतरले. हातांनी बर्फ काढला, खांदे लावले. गाडी आणखी खाली गेली.

"जोथम," डॉक्टर म्हणाले, "मी चालत जातो."

"कमरेएवढा बर्फ आहे, साहेब. वळणापर्यंतसुद्धा पोचणार नाही तुम्ही."

तेव्हा चढावरून कुणीतरी खाली आलं.

कंदील नव्हता. टोपी खाली ओढलेली, गळपट्टा नाकापर्यंत. तरणा माणूस वाटला. तो गाडीच्या मागे गेला आणि वाकला. जोथम खांदा लावायला वळला, तर गाडी वर आली होती. रस्त्यावर उभी.

"देवासारखा आलास बाबा," जोथम म्हणाला. "कुठला तू? वरच्या शेतावरचा?"



त्याने हात पुढे केला.

जोथमला कळलं काय हवंय ते. तो म्हणाला, "उद्या देतो. शप्पथ. घरी एक बाई या आवाजाची वाट बघत बसली आहे. पोर आजारी आहे. उद्या सकाळी स्वतः आणून देतो."

हात तसाच.

"दुसरं काही माग."

हात तसाच...

डॉक्टर गाडीत चढले होते. ते ओरडले, "अरे देऊन टाक ना! वेळ कशाला घालवतोस?"

जोथमने बक्कल काढलं. बोटं आखडली होती, वेळ लागला. घोडी थरथरत होती. माळ काढताना वाजत होती, हलवली की वाजणारच. त्याने ती त्या हातात दिली.

आणि ती वाजायची थांबली.

तो माळ घेऊन वळला. चढ चढू लागला. पट्टा त्याच्या हातात लोंबत होता, पायाशी आपटत होता...

आवाज नाही.

जोथमने पुन्हा तिकडे पाहिलं नाही. घोडीला चाबूक मारला. त्या घोडीला आयुष्यात पहिल्यांदा.

आता घरातलं.

बाई वरच्या खोलीत खिडकीशी. एफी उशांना टेकलेली. डीलिया चुलीवरचं पाणी उकळत ठेवून वर आली होती. मालक जिन्याच्या तोंडाशी उभे. ते संध्याकाळपासून बसले नव्हते.

बाई म्हणाल्या, "आली."

मग सगळ्यांनी ऐकली. तळ्याच्या वळणावर. वॉरेनची माळ. घोडी दौडत असावी तशी. जवळ येत होती.

बाई रडू लागल्या. मालक म्हणाले, "रडतेस काय, दिवा धर."

एफीने डोळे उघडले. दुपारपासून शब्द नव्हता फुटला तिच्या घशातून. ती स्वच्छ बोलली.

"माझे बूट कुठे आहेत?"

"उद्या, बाळा," बाई म्हणाल्या. "आधी डॉक्टर घसा बघतील. उद्या जा हं फिरायला."

मालक दुसरा दिवा घेऊन खाली गेले. दार उघडलं. आवाज फाटकातून आत आला, पायऱ्यांपर्यंत आला, आणि थांबला. जुंपलेलं जनावर उभं राहिल्यावर एखाद-दुसरं घुंगरू वाजतं ना, तसं वाजत राहिलं.

अंगणात कुणी नव्हतं. चांदणं. सपाट बर्फ.

"जोथम?"

काही नाही.

"डॉक्टर?"

एक घुंगरू वाजलं. पायरीजवळ. मालकांपासून हातभर...

ते तिथेच उभे राहिले. अंगणातलं हे त्यांनी त्या रात्री एकदाच डीलियाला सांगितलं; किती वेळ उभे होते, ते त्यांनाही सांगता आलं नाही. मग माळ पुन्हा वाजू लागली. सावकाश. फाटकातून बाहेर. तळ्याच्या बाजूला. लांब. आणखी लांब...

वरून बाईंची हाक आली नाही. मालक वर गेले तेव्हा बाई एफीचा हात धरून बसल्या होत्या आणि डीलिया चादर सरळ करत होती.

थोड्या वेळाने दाराशी काहीतरी घासल्याचा आवाज झाला. मुकी स्लेज. डॉक्टर दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले, नळी हातात. खोलीच्या दारात थांबले. नळी पेटीत ठेवली. पेटीची कडी त्यांना लागेना. डीलियाने लावून दिली.

मालक खाली आले. जोथम टोपी हातात घेऊन उभा होता.

"माळ कुठे आहे?"

जोथमने सांगितलं. जसं मी सांगितलं तसंच, कमी-जास्त काही नाही.

"त्याने मागितली?"

"हो, मालक."

"मग द्यायलाच हवी होती," मालक म्हणाले. "घोडीला पुसून घे. गारठेल."

एवढंच. त्या रात्रीनंतर पुन्हा त्या विषयावर ते बोलले नाहीत. जोथमला काढलं नाही, दोष दिला नाही. भट्टी एक दिवस बंद राहिली. नवी माळ त्यांच्या घोडीला कुणी घातली नाही, आणि घालू का असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. बाई त्यानंतर खिडकीशी बसत नाहीत. जोथम पुढच्या वर्षी पश्चिमेला गेला. ती माळ या खोऱ्यात पुन्हा कुणी ऐकली नाही. आपण घुंगरं करणारी माणसं. वाजली असती तर कळलं असतं.

आता मी पाहिलेलं.

शुक्रवारी एफीला दगडी खोलीत न्यायचं होतं. पेटी लहान. दोघं पुरे होते. एका टोकाला जोथम, एका टोकाला मी. मालक मागे. गिडिअन किल्ली घेऊन पुढे. कुलूप गोठलं होतं. कंदिलाच्या ज्योतीवर धरून तापवलं, तेव्हा फिरलं. वॉरेननंतर साथीत आणखी चार गेले होते. चौघांच्या पेट्या एकीला एक लावून ठेवल्या होत्या, आल्या त्या क्रमाने. वॉरेनच्या लगत विधवा स्ट्रिकलंड. तिची पेटी मीच ठेवली होती. वॉरेनच्या पेटीला अशी भिडली होती की मधे माझा हात अडकला. हे बघा, इथे सोललं होतं.

जोथमला मी येतानाच म्हटलं होतं, पोरीला शेवटी ठेवावं लागेल, भावाजवळ जागा नाही.

गिडिअनने दार ढकललं. कंदील वर धरला.

जमिनीवर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता. सलग. त्यावर पाऊल नव्हतं, ओढल्याची रेघ नव्हती. विधवा स्ट्रिकलंडची पेटी पलीकडे होती. तिच्या पलीकडच्या तिन्हीसुद्धा, तेवढ्याच पलीकडे. वॉरेनच्या शेजारी जागा मोकळी होती.

गिडिअन माझ्याकडे बघत राहिला. मी मालकांकडे.

मालक म्हणाले, "ठेवा."

आम्ही पेटी तिथे ठेवली. बरोबर बसली.